पोच

संध्याकाळच्या मंडईत भाजीवालीचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने मेथीची जुडी पिशवीत कोंबणं चाललेलं. गिऱ्हाईक फोन उंचावून म्हणतं, "मावशी, पाठवले बघा." मावशी मान वर करत नाही. तिचा कान पाटीमागच्या डबीकडे असतो. डबी बोलते, चाळीस रुपये प्राप्त झाले. मग मावशी म्हणते, "हां, आले."

2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं आणि पैसे क्षणात पोचू लागले. मंडईतली अडचण मात्र पुढची होती. पैसे आले हे कळायचं कसं? एसएमएस कधी उशिरा यायचा, कधी यायचाच नाही. गिऱ्हाईकाच्या पडद्यावरची हिरवी खूण आत्ताची की जुन्या व्यवहाराची, हे गर्दीत कोण तपासणार? आणि तपासायचं म्हणजे रोजच्या माणसावर संशय घ्यायचा. डबीने ती पंचाईत सोडवली. आत एक सिमकार्ड, एक स्पीकर. मावशीला हात पुसावे लागत नाहीत, बारीक अक्षरं वाचावी लागत नाहीत आणि कुणाच्या तोंडावर अविश्वासही दाखवावा लागत नाही. चारचौघांत डबीच ग्वाही देते.

या गरजेला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : पोच. टपाल खात्याने 1880 मध्ये मनीऑर्डर सुरू केली. पुढे लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या चाकरमान्यांचे पैसे तिनेच कोकणात पोचवले. फॉर्मच्या एका तुकड्यावर चार शब्द खुशालीचे लिहायला जागा असे. दुसऱ्या तुकड्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा उमटे आणि तो तुकडा पाठवणाऱ्याकडे परत येई. त्या अंगठ्यावरून पैसे पोचल्याचं कळायचंच. आई अजून स्वतः उंबऱ्यापर्यंत येऊन पैसे घेते, हेही कळायचं. फॉर्म आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिशेब असेल. खोलीत दहाजणांबरोबर राहणाऱ्याने त्यातून घर वाचलं.

माणसं अशी गरज सहसा बोलून दाखवत नाहीत. ती त्यांच्या वागण्यात दिसते. केनियात 2005 मध्ये व्होडाफोनने मोबाइलवरून लघुकर्जाचे हप्ते फेडण्याची चाचणी घेतली. लोक त्याच सोयीने एकमेकांना पैसे धाडू लागले. कंपनीने ते हेरलं. 2007 मध्ये तिथल्या सफारिकॉम कंपनीने एम-पेसा ही सेवा आणली तेव्हा कर्जाचं नाव मागे पडलं होतं. जाहिरात सांगत होती, घरी पैसे पाठवा. स्वाहिलीतला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. नैरोबीतला मजूर आणि परळचा चाकरमानी यांचं दुखणंही एकच होतं.

पण मनाची गरज ओळखता येणं ही दुधारी विद्या आहे. व्हॉट्सॲपच्या दोन करड्या खुणा म्हणजे शुद्ध पोच होती. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये त्या निळ्या होऊ लागल्या. आता निरोप पोचला एवढंच नव्हे, तर वाचलाही हे कळू लागलं, आणि 'वाचलंस तर बोलली का नाहीस' हा प्रश्न घराघरात शिरला. पोस्टमनने पत्र कुणी कधी फोडलं आणि उत्तर न देता कोनाड्यात ठेवलं, ही चहाडी कधी केली नव्हती. लोक कुरकुरले, तेव्हा थोड्याच काळात निळी खूण बंद करण्याची सोय द्यावी लागली.

फेसबुकचं 'लाइक' 2009 चं. शाबासकीची भूक जुनीच. कौतुकाने पाठीवर पडलेली थाप कुणाला नको असते? पण थाप मोजली जात नाही, लाइक मोजले जातात. आकडा आला की शेजारच्याचा आकडा दिसतो आणि पोट भरायच्या ऐवजी भूक वाढते. बोट सरकवत राहिलं तरी न संपणाऱ्या पानाची कल्पना त्याआधी, 2006 मध्ये, आझा रास्किन या डिझायनरने मांडली. सोय हा त्याचा हेतू होता. पुढे त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला.

करमणूक ही गरज नाही, असं मी म्हणणार नाही. रात्रभर गाणं ऐकणारा आपला समाज आहे. पण भैरवी झाली की मैफल संपते, तानपुरे गवसणीत जातात, माणसं चपला शोधू लागतात. फोनच्या पडद्यावर भैरवीची सोयच ठेवलेली नाही. श्रोता उठला तर धंदा बुडतो, असा तिथला हिशेब आहे.

म्हणून 'लोकांना हवं तेच आम्ही देतो' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मनीऑर्डरची पोच हातात आली की माणूस निश्चिंत होऊन पाळीवर जाई. मावशीची डबी चाळीस रुपये सांगते आणि गप्प बसते. दोन्ही गरजा खोल आहेत, दोन्ही भागतात आणि माणूस मोकळा होतो. हिंजवडीत किंवा बंगळुरात बसून उद्याचं ॲप आखणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे : माणूस तुमच्याकडे किती वेळ थांबला हे मोजता, तसं काम झाल्यावर त्याला सहज उठता आलं का, हेही मोजा.