रमाबाईंचा दुष्काळ

आईचं प्रेत उचलायला चौघं मिळेनात. १८७४ साल, दुष्काळ, परका मुलूख. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची पुरेना, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि तसाच तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेला. वडील त्याआधीच गेले होते, थोरली बहीण मागाहून गेली. उरलेली भावंडं पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे करून दोघं गळ्यापर्यंत पुरून घेऊन झोपली. भुकेपोटी रानटी बोरं आठळीसकट गिळली. यातलं बरंच पंडिता रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं.

मयताच्या घरी आपण सहज म्हणून जातो, ‘प्रभूची इच्छा’, ‘देव परीक्षा पाहतो’. हे शब्द रमाबाईंसमोर उच्चारून पाहावेत. पुढे रमाबाईंच्या हातून केडगावला मुक्ती मिशन हा निराधार बायकांचा आश्रम उभा राहावा म्हणून देवाने त्यांच्या आईला उपाशी मारलं? असा देव असेल तर त्याच्यापुढे गुडघे टेकणं मला जमणार नाही. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग ते कारणं सांगू लागले आणि अखेरीस देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावरच.

रमाबाईंना श्रद्धेकडे ओढलं ते दुःखाच्या खुलाशाने नव्हे. इंग्लंडमध्ये असताना त्या लंडनच्या फुलहॅम भागात गेल्या. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकलेल्या बायकांना तिथल्या धर्मभगिनी जवळ करत होत्या. असं का करता, म्हणून रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

योहानाच्या शुभवर्तमानात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पुनरुत्थानानंतरचा येशू. मरणावर विजय मिळवूनही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, आणि शिष्य थोमाला खात्री पटते ती त्या व्रणांमुळेच. जखम पुसली जात नाही. तिच्यावरून ओळख पटते. १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागातून शेकडो मुली-बायका रमाबाईंच्या आश्रयाला आल्या, तेव्हा नेमकं हेच घडलं. त्या हाडाच्या सापळ्यांकडे पाहताना त्यांना स्वतःची भूक आठवत होती. पोट खपाटीला गेलेल्या मुलीला अन्न समोर दिसलं की काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे दुःखाला अर्थ येतो तो असा, मागाहून, दुसऱ्याच्या दारात.

क्रूस वाहा म्हणून बायकांना अन्याय सोसायला लावणारी शिकवण मात्र मला घातक वाटते. रमाबाईंनी ती मानली नाही. त्याच १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांचे जे हाल होत होते, त्याबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहून त्यांनी सरकारला जाब विचारला. येशूला क्रूसावर कुणी दिलं, हे शुभवर्तमानं नावानिशी सांगतात. त्यात सत्ताधारी पिलाताचं नावही आहे.

आणि तरीही त्या थोरल्या बहिणीचं काय? तिला आश्रम काढायला आयुष्यच मिळालं नाही. तिच्या दुःखाचं फळ कुठे दाखवायचं? इथे ख्रिस्ती माणसाजवळ पुरावा नसतो, पुनरुत्थानाची आशा असते. मी ती धरून आहे, आणि तिचा भार मला जाणवतो.

जुलै १९२१मध्ये रमाबाईंची लेक मनोरमा गेली. रमाबाईंचे पती अल्पशा संसारानंतर पटकीने दगावले तेव्हा मागे राहिलेली ही तान्ही लेक पुढे आईचा उजवा हात झाली होती. मुक्तीमधल्या अंध बायकांना तिने ब्रेल शिकवली. चाळीस वर्षांची लेक गेल्यावरही रमाबाईंनी हाती घेतलेलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्या कामाने लेकीच्या जाण्याची भरपाई झाली, असं मी म्हणणार नाही. जेमतेम वाचू शकणाऱ्या बाईलाही कळावं अशा साध्या मराठीत ते बायबल त्यांना हवं होतं, आणि त्याचे खिळे जुळवले ते केडगावच्या छापखान्यात, मुक्तीमधल्याच बायकांनी.