नव्या भागावरची खूण

गंजलेला पत्रा कापला, नवा जोडला, रंग मारला, की जुना ट्रक पुन्हा 'ओरिजिनल' झाला असे सर्रास म्हटले जाते. टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ साली ट्रक बांधायला सुरुवात केली, ते सहकार्य १९६९ साली संपले. त्या काळातली एखादी गाडी आज कोणी उभी करू लागला तर तिचे किती भाग मूळचे मिळणार? पिस्टन, लायनर, किंगपिन, ब्रेकचे होज झिजायचेच. हौदाच्या फळ्या तर केव्हाच कुजलेल्या. बदलल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा प्रश्न एवढाच, की बदललेल्या भागावर 'हा नवा' अशी खूण करावी की नाही?

उस्ताद मिस्त्रीला ही खूण रुचत नाही. सांधा दिसू नये, यातच त्याच्या हाताची शान. त्या अभिमानाला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण वाचकहो, हजरत पैगंबरांनी (स.) बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपण सारे जाणतो. धान्य पावसाने भिजले होते. भिजणे हा व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. ओले धान्य खाली दडवले, त्याबद्दल त्याला टोकले गेले. नवा भाग बसवणे म्हणजे असेच पावसाने भिजणे आहे. त्यात खोट नाही, लपवण्यात आहे.

जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली मंजूर केलेली तुरीन सनदही बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करायला सांगते. वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेत हाच विचार आहे: नवी भर जुन्याशी जुळावी, तरी वेगळी ओळखू यावी.

मग खूण करायची कुठे? मडगार्डच्या आतल्या अंगाला साल पंच केले की काम भागते. पाट्यांवर आणि किंगपिनवर मात्र पंच मारू नये, तेथून तडा सुरू होऊ शकतो. त्यांची नोंद वहीतच बरी. येथे कोणी विचारील, ओले धान्य वर ठेवायचे होते ना, मग खूण आतल्या बाजूला कशी चालेल? आमच्या मते, वही किल्लीबरोबर नव्या मालकाच्या हाती पडत असेल तर चालेल. वही कपाटात आणि खूण पत्र्याआड, तर ती रास पुन्हा वरून कोरडीच!

चासीचीच गोष्ट अवघड आहे. ती कुजली आणि दुसरी घातली, तर जुन्या नंबराचा तुकडा कापून नवीवर वेल्ड करणे ही सरळ फसवणूक आणि कायद्याने गुन्हाही. मग त्या गाडीला काय म्हणावे? जुन्या भागांतून बांधलेला ट्रक. विक्रीच्या कागदावरही तसेच लिहावे, भाव निम्मा आला तरी.