विसरावे की स्मरावे?



आपली पुष्कळ वडीलधारी माणसे मुलांपुढे जुने दिवस काढीत नाहीत. 'दीक्षा घेतली, महारकी सुटली, आता ते कशाला उकरायचे?' असे म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नाही. पण न बोलल्याने विसर पडतो काय?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरण मोजले व १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तासाभरातच निम्म्याहून अधिक पाठांतर वाया जाई. पुढे विसरण्याचा वेग मंदावे. मात्र महिन्यानंतरही तीच अक्षरे पुन्हा पाठ करताना सुमारे एकपंचमांश श्रम वाचत. म्हणजे विसरलेले सगळे पुसले जात नाही, दबून राहते. बावीस प्रतिज्ञा घेतलेला गृहस्थ मुलीच्या लग्नात गुपचूप मुहूर्त पाहतो, तेव्हा त्याला तो नव्याने शिकावा लागत नाही!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २००० साली अमेरिकेत करीम नादेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. पक्की झालेली भीती पुन्हा जागवली की काही काळ ती कच्ची होते आणि मेंदूला ती नव्याने पक्की करावी लागते, असे त्यांना आढळले. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, हे खरे. तरी आठवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, एवढे त्यातून दिसते. सर्व संस्कार अनित्य आहेत असे मानणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

मग आठवण सांगायची कशी, हाच खरा प्रश्न उरतो. नुसती आसवे गाळून सांगितली तर मुलाच्या मनात लाज रुजते. सूडाने सांगितली तर द्वेष. सम्यक स्मृती म्हणजे घडले ते जागेपणी, कारणासह पाहणे.

बाबासाहेबांनी १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग तीसेक वर्षांनी लिहिला. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा कसा बदलला, दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी मुलांनाच कशी हाकावी लागली, जवळ अन्न असून पाण्यावाचून रात्र कशी काढावी लागली, हे सारे त्यांनी क्रमाने सांगितले आहे. त्यात कुठेही रडगाणे नाही, आणि एकही गोष्ट झाकलेली नाही. आज रात्री जेवताना तो प्रसंग मुलांना सांगा. मग आजीला तिचा विचारा.