जोडीचा हिशोब

भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर मजूर मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा-बायको मिळून एक जोडी. पावसाळ्यात शेठकडून उचल घेतलेली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर शहापूर, मुरबाडकडून भट्टीवर येतात. आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशोब होतो थेट पावसाच्या तोंडावर: हजार विटांमागे इतके, वजा उचल, वजा खर्ची. चिखल मळण्यापासून विटा थापून रचण्यापर्यंत दोघंही राबतात. वहीत नाव मात्र एकच, नवऱ्याचं.

यात बाईचा नुसता मान हुकतो असं नाही. किमान वेतन एका माणसाच्या कामावर ठरतं. जोडीला मिळून हजारी दर दिला की ते कुणाचं मोजायचं? दोघांच्या कष्टात एकाचं वेतन भरलं, तरी कागद साफ दिसतो.

या जिल्ह्याला हे नवीन नाही. अखंड ठाणे जिल्ह्यात पूर्वी ‘लग्नगडी’ असत. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढणारा वारली ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. कर्ज त्याच्या नावावर, फेड दोघांच्या अंगावर. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा ही प्रथा मोडली.

कायद्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, असं मात्र नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा सांगतो की बायकोने स्वतः कमावलेली मजुरी तिची स्वतंत्र मालमत्ता, आणि तिचीच पावती खरी. मला यातलं पावतीचं कलम जास्त मोलाचं वाटतं. पैसा कुणाचा, यावर वाद घालता येतो. पण नवऱ्याच्या हातावर पैसे ठेवून मालकाचं देणं फिटत नाही म्हटलं, की मालकालाच बाईला शोधावं लागतं. गोम एवढीच की लग्नाच्या वेळी हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख किंवा जैन असलेल्या स्त्रीला हा कायदा लागूच नव्हता. म्हणजे इथल्या बहुतेक बायका बाहेरच.

एकत्र कुटुंबात तर मुलाचा पगारही त्याचा एकट्याचा असेलच, याची खात्री नसे. घरच्या पैशावर शिकलास तर कमाईही घराची, असं न्यायालयं म्हणत. मुकुंदराव जयकरांच्या खटपटीने १९३० साली कायदा झाला आणि शिकलेल्या मुलाचा पगार सुटला. राबणाऱ्या हिंदू बाईची कमाई कायद्याने निर्विवाद तिची व्हायला १९५६ चा वारसा कायदा यावा लागला. एवढी वर्षं का लागली, हे सांगायला नको.

मजुरी ज्याची त्याच्याच हाती पडण्याची दुसरी वाट कारखान्यातून आली. १९३६ चा वेतन अदायगी कायदा सुरुवातीला कारखाने आणि रेल्वेपुरता होता. म्हणजे कल्याणचा रेल्वे कामगार आत, भट्टीवरची जोडी बाहेर. मजुरी मधल्या माणसाच्या हाती दिली की काय होतं, ते १९८२ च्या एशियाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे उघड झालं. दिल्लीत स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांचे पैसे जमादारांच्या हाती जात होते. ९ रुपये २५ पैशांतला रुपया जमादार ठेवून घेत. बायकांच्या हातात तर ७ रुपयेच पडत. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, असं न्यायालयाने ठरवलं.

वेतन अदायगी कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने मजुराच्या लेखी संमतीशिवायही पगार खात्यात भरायला परवानगी दिली. खातं मजुराच्या नावाचं, म्हणून मधला हात गेला असं आपण धरून चाललो. पण एटीएम कार्ड ठेकेदाराच्या खिशात असलं तर? डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगार यूपीआयने देतो म्हटलं, तर ती पुष्कळदा मुलाचा नंबर सांगते, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. देणारीच्या मोबाइलवर पैसे पोचल्याचा मेसेज येतो. १८७४ च्या कलमाने विचारलं असतं: पावती कुणाची?

भट्टीच्या वहीत दोन ओळी पाडायला नवा कायदा लागत नाही. स्त्री-पुरुष कामगारांची नोंदवही ठेवण्याचं बंधन मालकावर १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच घातलं होतं. फक्त ती वही मागायला कामगार खात्याचा निरीक्षक हिशोबाच्या दिवशी भट्टीवर हवा. पाऊस पडला की जोड्या गावाला गेलेल्या असतात, आणि पुढच्या हंगामाची उचलही त्यांच्या अंगावर चढायला लागलेली असते.