परक्या मुलखातले खांदेकरी

गावात मयत झालं की कामं न सांगता वाटली जातात. कोणी सामान आणायला धावतो, कोणी लांबच्या लेकीला कळवतो. खांदा द्यायला माणसं शोधावी लागत नाहीत. पण रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी वाड्यांमधले पुरुष आखातात नोकरीला आहेत. तिथल्या कामगारांच्या कॅम्पात पहाटे एखाद्याचं हृदय थांबतं, तेव्हा जवळ असतात ते खोलीतले सोबती. त्यातला कोणी बिहारचा, कोणी केरळचा, कोणी नेपाळचा. आणि थोड्याच वेळात त्यांना कामावर नेणारी कंपनीची बस सुटणार असते.

पुढे सुरू होते कागदांची वाट. रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र, मृत्यूची नोंद, व्हिसा रद्द करणं, वकिलातीत पासपोर्ट रद्द करणं, शवलेपन आणि शेवटी विमानाच्या मालवाहतुकीत जागा. २०१९ पर्यंत एअर इंडिया आखातातून येणाऱ्या शवपेटीचं भाडं वजनावर घेत असे. लोकांनी सतत आवाज उठवला, तेव्हा ते ठरावीक झालं. घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. ते फोनवर एकच विचारतात, ‘कधी आणणार?’

केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातून संयुक्त अरब अमिरातीतल्या अजमानला गेलेले अश्रफ थामरसेरी यांनी या कामाला स्वतःला वाहून घेतलं. रुग्णालयात वडील गमावलेली, काय करावं ते न सुचलेली दोन मुलं त्यांना रडताना दिसली आणि तिथून सुरुवात झाली. पुढे त्यांनी हजारो मृतदेह घरी पोहोचवले. धर्म, देश काही विचारला नाही. २०१५ मध्ये त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. पण त्यांच्यासारखी कितीतरी माणसं कॅम्पाकॅम्पात आहेत, ज्यांचं नाव कुठेच नाही. एका दिवसाचा खाडा पडला तर पगार कापला जातो. पोलिसांच्या कागदावर सही करायची तर आपल्या व्हिसाची भीती वाटते. हे सगळं जाणून माणूस सही करतो. मला या सहीचं मोल फार मोठं वाटतं.

म्हणूनच नुसतं कौतुक करून थांबणं मला खटकतं. अमिरातीच्या कायद्यात मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकावर आहे. गरजूंसाठी भारत सरकारचा समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. तरीही खोलीतले सोबती वर्गणी काढतात, कारण हक्क कुणी सांगितलेलाच नसतो आणि मृतदेह शवागारात थांबवून ठेवणं कुणाला सोसत नाही. त्यांच्या चांगुलपणामुळे मालकाची जबाबदारी अलगद सुटते.

परदेशी निघालेल्या कामगारांना सरकार प्रस्थानपूर्व प्रशिक्षण देतं. त्यात हा कायदा, हा निधी आणि वकिलातीचा आपत्कालीन क्रमांक ठळकपणे शिकवला जावा. घरी राहणाऱ्या बायकोलाही त्या वर्गाला बोलवावं. मृतदेह आणण्यासाठी लागणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही करायची वेळ तिच्यावरच येते.