रुमालाखालचा भाव

भाव ही कोणाच्या मालकीची वस्तू आहे, असा प्रश्न कोणी केला तर तो प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. माल विकणाऱ्याचा आणि पैसा गिऱ्हाइकाचा, एवढे तर उघड आहे. पण त्या दोहोंच्या मध्ये जो आकडा उभा राहतो तो विकणाऱ्याचा, गिऱ्हाइकाचा, की त्यांच्यामागे आपली पाळी येण्याची वाट पाहत असलेल्या तिसऱ्याचाही, याचा निकाल वाटतो तितका सोपा नाही.

आपल्याकडील गुरांच्या बाजारांत एक जुनी चाल आहे. दोघे व्यवहारी रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबतात आणि सौदा ठरतो. शेजारी उभा असलेल्यास रुमाल तेवढा दिसतो. शेतमालाच्या पेठांतही ही चाल होती, व तेथे तर ज्याचा माल त्यालाच दलालांची बोटे काय बोलत आहेत हे कळत नसे. मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, आणि पुढे उघड बोली हा नियंत्रित पेठेचा कणा मानला गेला. आज खांडबाऱ्याच्या मिरचीवाल्यास नंदुरबारच्या पेठेत काल काय भाव फुटला हे गाडीत पाय ठेवण्यापूर्वी विचारून घेता येते. तो भाव सांगणाऱ्यास कोणी चोर म्हणत नाही.

परंतु त्याच खांडबाऱ्याच्या आसपास एखाद्या शिक्षणसंस्थेस ग्रंथालयाच्या नोंदींसाठी अथवा जमाखर्चासाठी सॉफ्टवेअर घ्यावयाचे झाले, की रुमाल पुन्हा हातावर पडतो. दरपत्रक येते ते पीडीएफच्या रूपाने, आणि पुष्कळदा कुलूप घालून. वाचता येते, पण छापता येत नाही, की त्यातील आकडे उचलून कोष्टकात मांडता येत नाहीत. तळाशी ‘गोपनीय’ असा शब्द असतो. नवापूरच्या संस्थेस काय भाव सांगितला आणि धडगावच्या संस्थेस काय, हे त्यांचे त्यांस ठाऊक नसते. आता एखाद्या अभ्यासकाने अशी वीस-पंचवीस दरपत्रके त्या त्या संस्थांकडून मिळविली, कुलपे काढली आणि आकडे शेजारी शेजारी मांडले, तर त्याने अभ्यास केला की चोरी?

कुलपाची जात आधी पाहिली पाहिजे. अडोबी कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेल्या पीडीएफला २००८ साली आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. तीत दोन किल्ल्यांची सोय आहे. पहिलीवाचून कागद उघडतच नाही. दुसरी मालकापाशी राहते. कागद कोणासही उघडतो, पण छापण्यास व नक्कल करण्यास मनाई असते. गंमत अशी की, एकदा कागद उघडला म्हणजे ही मनाई पाळावयाची की नाही हे तो दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या सभ्यतेवर सोपविलेले असते. पहिले कुलूप दाराचे आहे. दुसरे म्हणजे बागेतील ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी. परक्याने पहिले फोडले तर ती घरफोडीच होय, आणि अभ्यासाचे नाव पुढे करून ती शुद्ध होत नाही. दुसऱ्याविषयी मात्र आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो. ज्याच्या हाती कागद दिला व ज्यास तो वाचू दिला, तो लेखणी घेऊन तेच आकडे वहीत उतरवू लागला तर कोणी हरकत घेत नाही. हाताने एका संध्याकाळी केलेले जे निर्दोष, ते यंत्राने क्षणात केले म्हणून सदोष कसे ठरावे? श्रमाने दोष धुऊन निघतो असे मानणारा एक पंथ आपल्यात आहे खरा. त्याची गणना आम्ही नीतिशास्त्रात करीत नाही.

कायदाही येथे फारसा आड येत नाही. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली जे ६५-अ कलम घातले गेले, ते कुलूप मोडणाऱ्याचा हेतू पाहते. आणि नुसत्या आकड्यावर स्वामित्व कोणाचे? ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असा विवेक केला की, निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा, संपादकाने स्वबुद्धीने घातलेली भर तेवढी त्याची. दरपत्रकातील मालाचे वर्णन विक्रेत्याचे असेल. आकडा तसा नव्हे.

पण कायद्याने सुटला म्हणजे मनुष्य सुटला असे नाही. खरी अडचण कुलपात नसून वचनात आहे. ‘हा भाव कोणास सांगणार नाही’ असे संस्थाचालकाने लिहून दिले असेल, तर कुलूप नसतानाही तो बांधला गेला. दिले नसेल, तर दहा कुलपांनीही तो बांधला जात नाही. तळाशी छापलेला ‘गोपनीय’ हा शब्द एकाच पक्षाने उच्चारलेला असतो, आणि टाळी एका हाताने वाजत नाही. शिवाय वचन दिले ते कोणाच्या पैशावर? अनुदानित संस्थेचा चालक लोकांच्या वतीने खर्च करतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमाने व्यापारी गुपितास संरक्षण दिले, पण व्यापक लोकहितापुढे ते टिकणार नाही असेही तेथेच सांगून ठेविले. तेव्हा अभ्यासकाने किल्ली शोधण्यापूर्वी अर्ज लिहावा, हे बरे. १८७५ साली सुप्यास रयतेने सावकारांचे कागद हिसकावून जाळले. १८७९ च्या कायद्याने कर्जदारास हिशेबाची लेखी प्रत मागण्याचा हक्क दिला. कागद नाहीसा होण्यापेक्षा त्याची प्रत हाती येणे रयतेच्या अधिक कामाचे होते.

विक्रेत्याचा एक आक्षेप मात्र आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही. मिरचीच्या प्रत्येक पोत्यास खर्च येतो. सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या प्रतीस जवळजवळ येत नाही. म्हणून मुंबईच्या श्रीमंत महाविद्यालयाकडून पुष्कळ घेऊन खांडबाऱ्यास थोडक्यात देणे त्यास परवडते. खांडबाऱ्याचा भाव उघड झाला की मुंबई तोच मागणार, आणि मग विक्रेता खांडबाऱ्याचाच भाव चढविणार. उजेडाची किंमत नेमकी गरिबाने भरावयाची! युक्तिवाद सुंदर आहे. अनुभव काय सांगतो? अमेरिकेत टेड बर्गस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन-नियतकालिकांचे गुप्त करार माहितीच्या कायद्याखाली सरकारी विद्यापीठांकडून मागविले. एल्सेव्हियर ही प्रकाशनसंस्था २००९ साली वॉशिंग्टन राज्यात त्याविरुद्ध न्यायालयात गेली, पण न्यायालयाने करार रोखून धरण्यास नकार दिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले ते असे: एकाच प्रकाशकास २००९ साली विस्कॉन्सिनने सुमारे १२ लाख डॉलर दिले, तर मिशिगनने सुमारे २१ लाख. दोन्ही थोर सरकारी विद्यापीठे. ही गरिबाची सवलत म्हणावयाची की घासाघीस न जमल्याचा दंड?

तरीही एखादा लहान निर्माता आदिवासी मुलांच्या शाळेस खरोखरच पडत्या भावाने माल देत असेल. त्याने ती सवलत नियम म्हणून जाहीर करावी: इतक्या विद्यार्थ्यांखालील शाळेस इतका भाव. रेल्वे आपल्या सवलती अशाच जाहीर करते, आणि त्यामुळे पूर्ण भाडे भरणारा उतारू भांडत नाही.

तेव्हा दुसऱ्या जातीचे कुलूप, दिलेले वचन नसेल तर, काढण्यास आमची हरकत नाही. संस्थांची नावे मात्र त्यांस विचारल्यावाचून छापू नयेत. ज्या मुख्याध्यापकाने दुप्पट पैसे मोजले त्याची गावात शोभा करणे हा अभ्यासाचा हेतू नव्हे. त्यास ते कोष्टक आधी खाजगीत दाखवावे. पुढील वर्षाचा करार अद्याप व्हावयाचा असतो.