बारडोलीचा हिशेब

पाश्चात्त्य संस्कृतीने आपल्याला काय दिले आणि आपले काय नेले, ही चर्चा निघाली की बोलणे बहुधा इंग्रजी शिक्षण, कादंबरी, पोशाख, फार तर आगगाडी यांच्याभोवती फिरते. ही शहरी, शिकलेल्या माणसाची यादी आहे. मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या बांधावर पश्चिम आली ती मोजणीची साखळी घेऊन. तिने जमिनीची प्रत ठरवली, आकार बसवला आणि त्याच्यामागे एक अर्थशास्त्रीय सिद्धांत उभा केला. या भेटीचा सर्वांत स्पष्ट पुरावा सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात, १९२८ साली सापडतो. माझे म्हणणे असे, की परक्या साधनाशी समाजाचे नाते काय आहे हे त्याच्या स्वीकारावरून किंवा नकारावरून कळत नाही. ते साधन कोणाच्या हातात आहे आणि त्याने कोणाची मोजदाद होते, यावरून कळते.

जमीन मोजणे काही इंग्रजांनी आणले नाही. मलिक अंबरने मोजणी केली, शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी केली. नवे होते ते मोजणीमागचे तत्त्व. आर. के. प्रिंगल हा ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात शिकला होता. तिथे अर्थशास्त्र शिकवायला प्रत्यक्ष माल्थस होते. रिकार्डोचा भूमिभाड्याचा सिद्धांत त्या काळी ताजा होता. शेतीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते ते जमिनीच्या गुणामुळे उरते, म्हणून त्यात सरकारचा मोठा वाटा असावा, ही मांडणी घेऊन प्रिंगलने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात जमाबंदी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर सिद्धांत बिनचूक होता. पण दख्खनच्या पावसाचा, बैलांच्या किमतीचा आणि चुकीच्या आकड्यांचा त्यात हिशेब नव्हता. शेते ओस पडली, सारा माफ करावा लागला. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नवी पद्धत सुरू केली : जमिनीची प्रतबंदी आण्यांत, आकार ३० वर्षांसाठी कायम. सिद्धांताचा हट्ट सैल झाला. मात्र फेरआकारणीच्या वेळी किती वाढ न्याय्य, हे ठरवण्याचा अधिकार सरकारी दफ्तरातच राहिला.

ती वाढ १८६०च्या दशकाच्या अखेरीस दख्खनमध्ये आली, कापसाचे भाव कोसळत असताना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले आणि त्यांनी रोखे, खाती जाळली. त्यांच्या दृष्टीने कागद हाच शत्रू होता, आणि तो समज निराधार नव्हता; त्याच कागदाच्या बळावर कोर्टातून जमिनी जात होत्या. याच दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने वेगळी वाट धरली. सभेने फेरआकारणीच्या दरांची तपासणी केली आणि सरकारपुढे आकडे मांडले. पण सभेकडे आकडे होते तेव्हा गावे तिच्या मागे एकवटलेली नव्हती, आणि सुप्यात गाव एकवटले तेव्हा हातात आकडे नव्हते. या दोन गोष्टी एकत्र यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

त्या बारडोलीत एकत्र आल्या. तालुका याच इलाख्यातला, आणि लागू होता तो १८७९ चा जमीन महसूल कायदा. फेरआकारणीचे काम एम. एस. जयकर या भारतीय डेप्युटी कलेक्टरांकडे होते; साधन परके असले तरी हात परका असतोच असे नाही. ताप्ती खोऱ्याची रेल्वे, रस्ते, पक्की घरे, पिकाचे चढलेले भाव यांकडे बोट दाखवून त्यांनी सुमारे ३० टक्के वाढ सुचवली. जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी भाववाढीचा आधार बाजूला ठेवून खंडाच्या आकड्यांवर भर दिला. १९२७ मध्ये सरकारने सुमारे २२ टक्क्यांवर निर्णय केला. आता खंड म्हणजे निव्वळ नफ्याचे माप, हे तर प्रिंगलच्याच जातीचे गृहीतक. गांधींचे सहकारी नरहरी परीख यांनी त्याआधीच गावांत जाऊन शेतीच्या खर्चाचा ताळेबंद मांडला होता आणि शेतकऱ्याच्या हाती उरते किती, हा प्रश्न उभा केला होता. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. त्यांची मागणी नेमकी होती : जुना सारा घ्या, नाहीतर निःपक्षपाती चौकशी नेमा. सरकारने चौथाई दंडाच्या नोटिसा काढल्या, म्हशी जप्त केल्या, जमिनी खालसा केल्या. सहा महिने तालुका हलला नाही; शेवटी सरकारला चौकशी मान्य करावी लागली.

यावर कोणी म्हणेल, यात पश्चिमेचे काय? शपथ हिंदूंनी प्रभूच्या आणि मुसलमानांनी खुदाच्या नावाने घेतली. फुटणाऱ्याला जातपंचायतीच्या बहिष्काराचा धाक होता. सभांत भजने होत. हे सारे खरे आहे, आणि या बंधांशिवाय लढा आठवडाभरही टिकला नसता असे मला वाटते. पण या बंधांनी लोकांना एकत्र धरले. लढ्याचा युक्तिवाद त्यांतून आला नाही. तो कायद्यातल्या तरतुदीवर आणि सरकारच्या स्वतःच्या तक्त्यांवर उभा होता. लढ्याचे नेते वल्लभभाई पटेल विलायतेत शिकलेले बॅरिस्टर होते. पुढे चौकशीत शेतकऱ्यांची बाजू वकील भुलाभाई देसाई यांनी मांडली. परक्या शास्त्राच्या भाषेत प्रश्न विचारताना शेतकऱ्याने आपली शपथ गमावली नाही, की शपथ पाळताना हिशेब सोडला नाही. संस्कृतींच्या संकराबद्दल बोलणाऱ्यांनी हे विसरू नये.

याच्या उलट आक्षेप असा, की मग श्रेय ब्रिटिश न्यायबुद्धीलाच द्या. चौकशी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या इंग्रज अधिकाऱ्यांनी केली. खंडाचे तक्ते गावोगाव नीट पडताळलेलेच नव्हते, हे त्यांनी उघड केले आणि १९२९ मध्ये वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. हा प्रामाणिकपणा मान्य केलाच पाहिजे. पण हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश होते. तेव्हाही त्यांनी आदराने वागून कायद्याचे पालन केले होते. माणूस तोच, सचोटी तीच. फरक पडला तो त्याच्यापुढे प्रश्न कोणी आणि कसा ठेवला याने. आकारणीचे निकष कायद्यात १८७९ पासून होते. त्यांची खरी परीक्षा व्हायला हजारो कुटुंबांना म्हशी आणि जमिनी पणाला लावाव्या लागल्या.

तिसरा आक्षेप मात्र परतवता येत नाही, तो स्वीकारावाच लागतो. बारडोलीचा हिशेब हा खातेदाराचा हिशेब होता. कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या पाटीदार आणि अनाविल मालकांच्या शेतावर राबणारा दुबळा समाजाचा हाळी त्यात माणूस म्हणून नव्हता. शेतीच्या खर्चातली एक बाब म्हणून होता. सरकारच्या तक्त्याला तो दिसला नाही, आणि जातीच्या ज्या बंधांनी लढा टिकवला त्यांनीही त्याला जागा दिली नाही. वेडछीसारख्या आश्रमांतून जुगतराम दवे यांच्यासारख्यांनी आदिवासींत आयुष्यभर काम केले, पण साऱ्याच्या लढ्याची मागणी खातेदाराचीच राहिली.

हा प्रश्न मराठी वाचकापासून दूर नाही. खातेदारांच्या वारसांनी पुढे बारडोलीत सहकारी साखर कारखाना उभारला, आणि त्याचा ऊस तोडायला खानदेशातून कामगार नेले जाऊ लागले. मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून ‘कोयता’ म्हणून ते जातात आणि हंगामभर फडाजवळच्या खोपटांत राहतात. त्यांची मजुरी, कामाचे तास, उचलीचे ओझे यांचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने केला. पुन्हा पश्चिमेकडून आलेला माणूस, पुन्हा मोजणी. पण या वेळी मोजणी सारा वाढवण्यासाठी नव्हती, आणि ज्यांच्याकडे पाहायचे राहून गेले होते त्यांच्याकडे ती वळली होती. ब्रेमन परका होता, हे कारण त्याचे निष्कर्ष नाकारायला पुरे नाही. अँडरसनच्या तक्त्याला दोष दिला तो आकडे खोटे ठरले म्हणून, तो इंग्रज होता म्हणून नव्हे. तोडीचा दर, उचलीची वजावट आणि कामाचे तास यांची, दोन्ही बाजूंना साक्षीपुरावा मांडता येईल अशी स्वतंत्र चौकशी आजही मागता येते. मागायचा पहिला हक्क कोयत्याचा आहे, आणि १९२८ चा वारसा सांगणाऱ्या सभासद शेतकऱ्यांनी त्याला विरोध करायला कोणतेही कारण उरत नाही.